पहिले .२२ स्पोर्ट पिस्तूल घेताना: आधी हात पाहा, मग कंपनी

२५ मीटरच्या स्पर्धेत उतरायचे ठरले की बहुतेक जण पहिला प्रश्न कंपनीचा विचारतात. पार्डिनी घेऊ की वॉल्थर? मोरिनी कसे आहे? माझ्या लेखी हा प्रश्न चौथा किंवा पाचवा. आपला हात केवढा, परवाना कुठवर आला, काडतुसे कुठली मिळणार आणि बिघाड झाला तर पिस्तूल उघडणार कोण, हे आधी ठरवावे. एवढे ठरले की यादीत दोन-तीनच नावे उरतात आणि निवड सोपी होते.

एअर पिस्तुलावरून .२२ वर येणारे नेमबाज आणि त्यांचे पालक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. स्वसंरक्षणासाठी .३२ बोअरचे पिस्तूल घेणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला यातले थोडेच उपयोगी पडेल.

नियमांची चौकट

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर प्रकारांत .२२ लाँग रायफल काडतुसाच्या पिस्तुलाला काही मर्यादा आहेत. रिकाम्या मॅगझिनसह वजन १४०० ग्रॅमपर्यंत, बॅरल १५३ मिलिमीटरपर्यंत, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर २२० मिलिमीटरपर्यंत. संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम. नावाजलेल्या कंपन्यांची मॅच पिस्तुले या चौकटीत बसवूनच बनवतात. गडबड होते ती नंतर जोडलेल्या वजनांमुळे आणि लाकडाचा लगदा थापून फुगवलेल्या ग्रिपमुळे.

आपण कुठल्या प्रकारात उतरणार तेही आधी ठरवा. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० गोळ्या प्रिसिजनच्या, पाच मिनिटांत पाच या गतीने. उरलेल्या ३० रॅपिडच्या, म्हणजे ७ सेकंद लक्ष्य बंद, ३ सेकंद उघडे आणि तेवढ्यात एकच गोळी. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी ८ सेकंदांत, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत. स्टँडर्ड पिस्तूलमध्ये १५०, २० आणि १० सेकंदांच्या मालिका. रॅपिड फायरला पाच लक्ष्यांवरून सरकताना पिस्तुलाने उसळायला नको, म्हणून काही कंपन्या त्यासाठी वेगळे मॉडेल काढतात. प्रिसिजनला शांत, स्पष्ट ट्रिगर लागतो. पहिले पिस्तूल दोन्हीकडे चालेल असे सर्वसाधारण मॉडेलच असावे. रॅपिड फायरचे खास पिस्तूल पहिल्याच वर्षी घेणे मला हौसेचा प्रकार वाटतो.

परवाना: वेळ इथेच जातो

४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्यामुळे अनेक घरांचा कायद्याशी पहिला संबंध .२२ च्या वेळीच येतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ ही त्याची चौकट. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत अर्ज आयुक्तांकडे जातो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. क्लबचे सभासदत्व, जिल्हा किंवा राज्य रायफल संघटनेचे पत्र, स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि गुणपत्रके एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांखालील असेल तर खेळाडूंसाठीच्या वेगळ्या तरतुदी लागू होतात. त्या कशा वापरायच्या हे आपल्या संघटनेच्या कार्यालयात जाऊनच विचारा, रेंजवरच्या गप्पांवर विसंबू नका.

परदेशी पिस्तूल थेट आयात करण्याची सवलत मुख्यतः राष्ट्रीय पातळीवर ठरावीक गुण मिळवून 'रिनाउंड शॉट' झालेल्यांसाठी आहे. बाकीच्यांना परवानाधारक विक्रेता गाठावा लागतो, किंवा एखादा नेमबाज आपले पिस्तूल विकतो त्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे 'बाजारात सर्वांत चांगले कुठले' या चर्चेला आपल्याकडे फारसा अर्थ नाही. येत्या सहा-आठ महिन्यांत आपल्या परवान्यावर खरोखर काय चढू शकते, तेवढेच बघायचे.

तोवर क्लबच्या पिस्तुलांवर सराव करा. पुण्यात बालेवाडी आणि मुंबईत वरळी इथल्या रेंजवर वेगवेगळी पिस्तुले घेऊन आलेली माणसे भेटतात. प्रतीक्षेचा काळ ती बघण्यात घालवला तर वाया जात नाही.

हात

पिस्तूल हातात घेण्याआधी मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यात सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामे असल्याची खूण. कितीही ओळखीचा माणूस असला तरी हे आधी. पाहायचे तेही फायरिंग लाइनवर, नळी लक्ष्याकडे ठेवून.

आता नेहमीसारखे उभे राहा. डोळे मिटा, हात उचलून नेमाच्या उंचीवर आणा, मनगट आपल्या सवयीने स्थिर होऊ द्या आणि मग डोळे उघडा. माशी (पुढची साइट) मागच्या खाचेत मधोमध आणि सपाट दिसली तर ग्रिप तुमच्या हाताच्या जवळ आहे. माशी प्रत्येक वेळी डावीकडे किंवा वरच दिसत असेल तर ग्रिपचा कोन किंवा जाडी जुळत नाही. एकदा करून भागत नाही. पाच-सात वेळा करा, मध्ये पिस्तूल खाली ठेवा, पुन्हा पकडा. दर वेळी चूक एकाच दिशेला होत असेल तर ती ग्रिपची. चूक दर वेळी वेगळीकडे होत असेल तर पकडच अजून पक्की झालेली नाही आणि नवे पिस्तूल घेऊन ती पक्की होणार नाही.

त्यानंतर बोट. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर टेकला पाहिजे आणि बोटाची बाकीची बाजू ग्रिपला घासता कामा नये. मॅच पिस्तुलांत ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो, पण त्यालाही मर्यादा असते. बारीक हाताच्या मुलींना मध्यम मापाची ग्रिप देऊन 'थोडा लगदा लावू' असे सांगितले जाते. लगद्याने जाडी वाढते, कमी होत नाही. मोठी ग्रिप कानशीने घासून लहान करता येते, पण बोट पोहोचत नसेल तर त्या घासण्याचा उपयोग थोडाच. म्हणून लहान माप मागा आणि मिळेपर्यंत थांबा. डावखुऱ्यांनी डाव्या हाताची ग्रिप वेगळी मिळते का, हे पैसे देण्याआधीच विचारावे. जर्मनीच्या रिंकसारखे ग्रिप बनवणारे कारागीर हाताच्या मापावरून ग्रिप करून देतात. चांगल्या जुन्या पिस्तुलावर अशी ग्रिप बसवणे हे माझ्या मते वाईट ग्रिपच्या नव्या पिस्तुलापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

वाढत्या वयाच्या मुलांचा हात वर्षात बदलतो. त्यांच्यासाठी पाम रेस्ट (तळहाताखालचा आधार) वर-खाली होणारी आणि आतून भर घालता येणारी ग्रिप बघा.

ट्रिगर

१००० ग्रॅमची तपासणी वजन टांगून होते: नळी उभी ठेवून ट्रिगरने वजन उचलायचे. नेमके १००० वर लावलेला ट्रिगर एखाद्या दिवशी नापास होतो, म्हणून २०-३० ग्रॅम जास्तच ठेवावेत. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये साधारण ७०० ग्रॅम पहिल्या टप्प्यात आणि ३०० दुसऱ्यात अशी वाटणी बऱ्याच जणांना मानवते. पहिल्या टप्प्याचा शेवट बोटाला भिंतीसारखा कळला पाहिजे. विकत घेताना स्क्रू फिरवून पाहण्याची परवानगी मागा, कारण मालकाने आपल्या सवयीने लावलेला ट्रिगर हे त्या पिस्तुलाचे खरे रूप नसते.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का? तो मिळतो आणि दर वेळी सारखा सुटतो, हे खरे. पण २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकरच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरी चालू असताना बिघाड झाला, दुरुस्तीत बहुमोल वेळ गेला आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी हुकली. तिच्याजवळ प्रशिक्षक आणि तंत्रज्ञांचा ताफा होता. जिल्हा स्पर्धेत आपल्याजवळ बहुतेक वेळा वडील आणि एक स्क्रूड्रायव्हर असतो. पहिले पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचेच घ्या.

रचना आणि नावे

.२२ मॅच पिस्तुलांत ढोबळमानाने दोन घराणी. एकात मॅगझिन मुठीत, दुसऱ्यात ट्रिगरच्या पुढे.

मुठीतल्या मॅगझिनच्या घराण्यात अमेरिकेचे १९५७ पासूनचे स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१, रुगरची मार्क मालिका, स्वित्झर्लंडची जुनी हॅमरली २०८ आणि त्याच नावाने पुढे आलेले स्वस्तातले एक्स-एसे ही पिस्तुले येतात. मॅगझिन मुठीतून जात असल्याने ग्रिपचा आकार फार बदलता येत नाही. हॅमरली २०८ ची बनावट आजही बघत राहावी अशी आहे, तिचा ट्रिगर तर भल्याभल्यांना मोह घालतो; पण तिचे सुटे भाग शोधणे हा एक स्वतंत्र छंद होऊन बसतो. एक्स-एसे शिकायला ठीक. त्यावर दोन वर्षे काढून पुढे जाणारे बरेच असतात.

ट्रिगरच्या पुढे मॅगझिन ठेवले की मूठ मोकळी होते आणि ग्रिप हाताप्रमाणे हवी तशी कोरता येते. वजन पुढे जाते, नळी हाताच्या वर फार उंच राहत नाही आणि आत फक्त हलका बोल्ट मागेपुढे होतो. साइट चौकटीवर स्थिर असतात. गोळी सुटल्यावर माशी पुन्हा खाचेत लवकर येते ती यामुळे. १९६८ च्या वॉल्थर जीएसपीने ही रचना रुजवली. तिची पुढची पिढी म्हणजे एसएसपी आणि अलीकडचे जीएसपी ५००. इटलीचे पार्डिनी एसपी, बेनेली एमपी ९०, स्वित्झर्लंडचे मोरिनी सीएम २२ आणि जर्मनीचे फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ ही याच घराण्यातली. एडब्ल्यू ९३ चे मूळ सोव्हिएत रचनाकार येफिम खायदुरोव यांच्या पिस्तुलात आहे. त्याचा धक्का इतका मऊ असतो की पहिल्यांदा चालवणारा गोळी सुटली का म्हणून पाहतो.

माझे मत विचाराल तर यांतले कुठलेही पिस्तूल तुमच्या हातापेक्षा अचूक आहे. प्रिसिजन लक्ष्यावर १० चे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते, रॅपिडच्या लक्ष्यावर १०० मिलिमीटरचे. यांतले कुठलेही धड पिस्तूल आधारावर ठेवून, जुळणाऱ्या काडतुसाने मारले तर पाच गोळ्या २५ मिलिमीटरच्या आसपास सहज टाकते. म्हणून अचूकतेच्या आकड्यांवर वाद घालण्यात मला रस नाही. तुमच्या शहरात, निदान राज्यात, त्या मॉडेलची किती पिस्तुले आहेत आणि ती उघडून दुरुस्त करणारा माणूस कोण, हे मात्र खोदून विचारा. एक्स्ट्रॅक्टर (उडालेल्या काडतुसाचे कवच बाहेर ओढणारी आकडी), फायरिंग पिन, रिकॉइल स्प्रिंग, बोल्टमागचा धक्का झेलणारा बफर आणि एक-दोन जादा मॅगझिने मिळाली तर पिस्तूल वीस वर्षे चालते. मिळाली नाहीत तर पाचव्या महिन्यात ते तिजोरीतला शोपीस होते.

इतरांचे अनुभव कसे वाचावेत

रेंजवर प्रत्येकाला मत असते आणि ज्याने नुकतेच मोठे पैसे मोजले त्याचे मत सर्वांत ठाम. त्याला लबाडी म्हणू नका. खर्च केल्यावर वस्तू वाईट निघाली हे मान्य करायला जीव धजत नाही. म्हणून 'कसे आहे?' असे विचारूच नका. त्याचे उत्तर 'एक नंबर' हेच येणार. असे विचारा:

किती गोळ्या झाल्या आणि कुठल्या काडतुसाच्या? मागच्या हजारात किती वेळा अडकले? अडकले ते कसे: काडतूस चढले नाही, रिकामे केस (काडतुसाचे कवच) निघाले नाही, की पिन पडूनही पेटले नाही? साफ कधी करता? कुठला भाग बदलला, तो कुठून आणला, यायला किती दिवस लागले? पुन्हा घ्यायचे झाले तर हेच घ्याल का?

शेवटच्या प्रश्नाआधी थांबणारा माणूस काही न बोलताही बरेच सांगून जातो.

मिळालेली उत्तरे वहीत एकाखाली एक लिहा. मग गंमत दिसते. एकच पिस्तूल एकाला 'सारखे अडकते' आणि दुसऱ्याला 'कधीच अडकत नाही'. खोलात गेलात तर पहिला हाताला लागतील ती काडतुसे वापरत असतो आणि चेंबर महिनोन् महिने पुसत नाही. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो. तो आणि काजळी चेंबरच्या तोंडाशी साचत जातात, काडतूस शेवटचा एखादा मिलिमीटर आत जात नाही आणि दोष पिस्तुलावर येतो. उलट वेगवेगळी काडतुसे वापरणाऱ्या, नीट साफसफाई करणाऱ्या तीन-चार जणांनी एकच तक्रार सांगितली, समजा केस बाहेर पडताना अडकते, तर ती गंभीरपणे घ्या. तो एक्स्ट्रॅक्टरचा, मॅगझिनच्या ओठांचा किंवा मूळ रचनेचा प्रश्न असू शकतो.

पेटलेच नाही, ही तक्रार वेगळी हाताळावी. .२२ मध्ये पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत पसरलेला असतो. तो कुठे कमी पडला की पिन नेमकी तिथेच आपटते. ते काडतूस फिरवून पुन्हा मारल्यावर पेटले तर संशय काडतुसावर. वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसे पेटत नसतील तर पिन किंवा स्प्रिंग पाहा.

अनुभव सांगणारा कुठल्या प्रकारात खेळतो हेही लिहून ठेवा. प्रिसिजनमध्ये अडकलेले पिस्तूल चिडचिड करते. तीन सेकंदांच्या मालिकेत अडकले तर सगळी लय जाते. नियमानुसार बिघाडाचा दावा करता येतो, पण मर्यादित वेळाच, आणि हात वर करून अधिकाऱ्याला दाखवायच्या आधी तुम्ही स्वतः बोल्ट ओढलात तर तो दावा गेला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण शूट-ऑफमध्ये जिंकले. अशा ठिकाणी एका गोळीवर पदकाचा रंग ठरतो.

अमेरिकेत राहणाऱ्या नातलगाचा किंवा मित्राचा सल्ला आला तर एक लक्षात ठेवा. तिथल्या बुल्सआय प्रकारात ५० आणि २५ यार्डांवर नेम धरतात, अनेक जण रेड डॉट साइट लावतात आणि मॅगझिन, स्प्रिंग दुकानातून सहज आणतात. आयएसएसएफमध्ये उघडी साइटच चालते. त्यांच्या मॉडेल ४१ च्या कौतुकात खोट नाही, पण ते त्यांच्या मैदानावरचे कौतुक आहे.

काडतुसांसह चाचणी

पैसे देण्याआधी किमान शंभर गोळ्या मारू द्या म्हणावे. काडतुसांचा खर्च तुम्ही करा. स्टँडर्ड व्हेलॉसिटीचीच काडतुसे घ्या. ईली, आरडब्ल्यूएस, एसके, लापुआ यांची पिस्तूल मॅच काडतुसे त्या वर्गात मोडतात. हाय व्हेलॉसिटी काडतुसांनी मॅच पिस्तुलाचा बोल्ट मागे जोरात आपटतो, बफर आणि चौकट दोन्हींना ते चांगले नाही. विक्रेता 'काहीही चालते' म्हणाला तर त्याचा तिथला उत्साह कौतुकास्पद, पण पिस्तुलाची पुस्तिका काय म्हणते ते पाहा.

शंभरांपैकी तीस गोळ्या आधारावर हात ठेवून सावकाश, पाच-पाचच्या ग्रुपमध्ये. उरलेल्या रॅपिडच्या लयीत, मॅगझिने बदलत. मॅगझिनांवर आकडे टाका आणि कुठल्या मॅगझिनला अडकले ते लिहा. निम्म्याहून जास्त भांडणे इथेच मिटतात, कारण दोषी एकच वाकलेले मॅगझिन निघते. पिस्तूल अधूनमधून पुरते मागे जात नसेल तर दुसऱ्या अनुभवी नेमबाजाला मारायला सांगा. मनगट सैल असले तरी तसे होते.

तुम्हाला वर्षभर जे काडतूस खरोखर मिळणार आहे, त्यावरच निर्णय घ्या. परदेशी डब्यावर सुंदर चालणारे आणि तुमच्या क्लबच्या साठ्यावर अडखळणारे पिस्तूल तुमच्या उपयोगाचे नाही.

जुने पिस्तूल

आपल्याकडे बहुतेकांचे पहिले .२२ पिस्तूल वापरलेलेच असते आणि त्यात कमीपणा काही नाही. बॅरल सहसा लवकर झिजत नाही. आधी चेंबरच्या तोंडाची कड पाहा: रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर (काडतुसाविना ट्रिगर ओढण्याचा सराव) करकरून पिनचा ठसा उमटला असेल तर केस निघताना त्रास देते. नंतर बोल्टचा पुढचा भाग, एक्स्ट्रॅक्टरचे टोक, बफरच्या भेगा, साइटचे स्क्रू आणि ट्रिगरच्या भागांवर कुणी कानस चालवली आहे का, हे बघा. शेवटचे आढळले तर मी तरी परत फिरेन.

कागद त्याहून महत्त्वाचे. पिस्तुलावरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक जुळवा. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून कायद्यातला ४५ दिवसांचा अवधी जाऊ दिला पाहिजे. पिस्तूल सवलतीत आयात झालेले असेल तर विक्रीवरच्या अटी मूळ कागदावर वाचा. 'नंतर बघू, तोवर घरी घेऊन जा' असे कुणी म्हणाले तर पिस्तूल फुकट मिळत असले तरी हात लावू नका.

घरी आणल्यावर

पहिल्या हजार गोळ्या एकाच काडतुसावर काढा आणि वही चालू ठेवा: तारीख, मॅगझिनचा क्रमांक, काय अडकले. ग्रिपवर कानस पहिल्या महिन्यात चालवू नका. हाताला सवय होण्याआधी काढलेले लाकूड परत लावता येत नाही. साइट २५ मीटरवर झिरो करून (गोळी नेमाच्या जागी पडेल अशी लावून) तिचे क्लिक लिहून ठेवा. चेंबर आणि बोल्टचे तोंड दर सरावानंतर पुसा. बॅरलमध्ये मात्र रोज ब्रश घालायची गरज नाही. ड्राय फायरसाठी पिस्तुलात वेगळी सोय असेल तर ती वापरा, नसेल तर स्नॅप कॅप (नकली काडतूस) ठेवा.

पिस्तूल कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते आणि ती नेमकी राज्य स्पर्धेच्या तोंडावर येते. नेमबाज म्हणून सूट मागायची असेल तर संघटनेचे पत्र, स्पर्धेचे वेळापत्रक आणि परवान्याची प्रत नोटीस येण्याआधीच तयार ठेवा. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.